उत्तर कसं सुचलं हेही विचारा, नुसत्या स्टेप्स नका मागू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दहावीची परीक्षा जवळ आली की सगळ्याच पेपरात गणिताच्या भीतीवर लेख येतात, वाचकांची पत्रं येतात, आणि सल्ला ठरलेला असतो, सराव करा, सूत्रं पाठ करा, वेळ लावून पेपर सोडवा. सगळं बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट मला कुठेच वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, फक्त कमळाचं गणित कापू नका ही विनंती.

मी कर्वेनगरला घरीच आठवी ते दहावीच्या मुलांचं गणित घेते, मोठा क्लास वगैरे नाही, हॉलमधे सतरंजीवर मावतील तेवढीच पोरं. आणि त्यांच्याकडे बघून बघून माझं ठाम मत झालंय की गणित येतं का नाही हा नंतरचा प्रश्न, आधी हे बघावं लागतं की या पोराचं डोकं चालतं कसं. कोणाला गणित वाचता वाचता चित्र दिसायला लागतं. कोणाला समीकरण दिसतं, चित्र काढ म्हटलं तरी नको वाटतं. कोणी सरळ आकडे टाकून बघतं, हा बसतो का, तो बसतो का. आणि गणित वाचल्यावर पहिल्या काही सेकंदात आतून जे वाटतं ना, की उत्तर साधारण एवढं यावं, किंवा इथून सुरुवात केली तर सुटेल, ज्याला सगळे इंट्यूशन म्हणतात, ते बरंचसं या सवयीतून येतं. आपल्याकडे शाळा काय, क्लास काय, गाइडं काय, त्या पहिल्या सेकंदांकडे कोणी बघतच नाही, थेट "समजा क्ष" पासून सुरू. मग ज्याच्या डोक्यात क्ष आधी येत नाही ते पोर धरून चालतं की आपल्याला गणित येत नाही, आणि घरचेही तेच धरून चालतात.

आता कमळाचं गणित. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, म्हणजे ११५० सालचं. चक्रवाक आणि क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेलं एक तळं आहे, त्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आलेली आहे, वाऱ्याने ती हळूहळू कलत गेली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बरोबर पाण्याखाली गेली, तर पाणी किती खोल? मी हे मुलांना देते तेव्हा सांगते की पेन खाली ठेवा आणि आधी फक्त अंदाज सांगा, मग काय ते करा.

दहावीतल्या एका मुलाने वहीत देठ काढला, पेन्सिल बुडाशी धरून तो देठ वाकवल्यासारखा कंस मारला आणि म्हणाला काकू, हे तर वर्तुळ आहे! खरंच आहे की. मूळ तळाशी घट्ट, देठाची लांबी तीच, म्हणजे मूळ हा केंद्रबिंदू, देठ ही त्रिज्या आणि पाण्याची रेघ ही जीवा. मग त्याला आठवलं ते जीवांच्या आंतरछेदनाचं प्रमेय, म्हणजे दोन जीवा एकमेकींना छेदल्या की दोघींच्या तुकड्यांचे गुणाकार सारखेच येतात. जीवेचे दोन तुकडे दोन आणि दोन, गुणाकार चार. उभ्या व्यासाचा वरचा तुकडा अर्धा, म्हणून खालचा आठ. व्यास साडेआठ, त्रिज्या सव्वाचार, त्यातला अर्धा हात पाण्याच्या वर, राहिले पावणेचार. हे सगळं तो चित्रावर बोट ठेवून बोलला, वहीत एक ओळ लिहिली नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या मुलीचं झालं होतं. खोली क्ष, देठ क्ष अधिक अर्धा, काटकोन त्रिकोण, पायथागोरस, दोन्हीकडचे क्ष वर्ग उडाले, क्ष बरोबर पावणेचार. चार ओळी, एकही खाडाखोड नाही. तिला विचारलं की आधी किती वाटलं होतं, तर म्हणाली काहीच नाही वाटलं, आलं ते आलं.

आणि एक नववीतली मुलगी, जिला शाळेत "गणितात कच्ची" म्हणतात, ती कोपऱ्यात आकडे मांडत बसली होती. समजा पाणी तीन हात. तीनचा वर्ग नऊ, अधिक चार, तेरा. देठ साडेतीन, त्याचा वर्ग सव्वाबारा. पाऊण जास्त झालं. बरं, चार हात धरू. सोळा अधिक चार वीस, साडेचारचा वर्ग सव्वावीस, पाव कमी पडलं. मग ती म्हणाली, तीनला पाऊण जास्त आणि चारला पाव कमी, म्हणजे पावणेचारला बरोबर बसेल. मी विचारलं, मधे सगळं एकसारखं कमी होत जाईल हे कशावरून? तिला सांगता येईना, तिला नुसतं तसं वाटत होतं. आणि त्याचं उत्तर त्या समीकरणवालीने दिलं, अगं क्ष वर्ग दोन्हीकडून उडतात ना, राहिलेली सरळ रेषा आहे, म्हणून तुझं बरोबर येतंय, क्ष वर्ग उडाले नसते तर चुकलं असतं. ती नववीतली मुलगी अजून सरळ रेषेचा आलेख नीट शिकली पण नव्हती, पण आपल्याला जे वाटलं त्याला कारण आहे हे तिला त्या दिवशी कळलं, आणि समीकरणवालीला कळलं की क्ष वर्ग उडणं ही नुसती सोयीची स्टेप नाही, त्यात काहीतरी अर्थ आहे. मी काही शिकवलंच नाही त्यात.

आता हे तिघं परीक्षेत बसले तर काय होईल सांगा. समीकरणवालीला पूर्ण मार्क. वर्तुळवाल्याने प्रमेय लिहिलं आणि तपासणारा समजूतदार असेल तर त्यालाही मिळतील. नववीतल्या मुलीला फार तर उत्तराचा एक. बरोबर असलेली दुसरी रीत मान्य करायला हवी हे शिक्षकांना माहीत असतं आणि बरेच जण करतातही, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, पण क्लासमधे पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतात की अशीच लिहा नाहीतर मार्क जातील, आणि मग मुलं आपल्याला जे सुचलं ते दाबून टाकून फळ्यावरचं उतरवतात.

आकडे टाकून बघणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं ज्यांना वाटतं त्यांना मी कापरेकरांचं नाव सांगते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, आणि आयुष्यभर देवळालीला शाळेत मास्तर. कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारी अंक सारखे नकोत, मोठ्याकडून लहान आणि लहानाकडून मोठे असे अंक लावून वजाबाकी करा, येईल त्याचं परत तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि मग तिथेच थांबतं, ७६४१ वजा १४६७ परत ६१७४. १९४९ साली त्यांनी हे मांडलं, आणि आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हा माणूस आकड्यांशी खेळायचा, त्याला आकड्यांतून दिसायचं. अशा मुलाला आपण आज काय म्हणतो? टाइमपास करू नकोस, सिलॅबस पूर्ण कर.

ही माणसामाणसातली तफावत काही मला नव्याने सापडलेली नाही. फ्रेंच गणिती प्वांकारे शंभर वर्षांपूर्वीच लिहून गेलाय की गणिती लोकांचे स्वभावच दोन प्रकारचे, एक पाऊल पक्कं झाल्याशिवाय दुसरं न टाकणारे, आणि दुसरे एकदम पुढचं दिसणारे. पहिल्यात त्याने वायरश्ट्रास हा जर्मन गणिती घेतला, दुसऱ्यात रीमान हा दुसरा जर्मन गणिती. आणि गंमत ही की विषयावरून हे ठरत नाही असं तो म्हणतो, भूमिती करणारा मनाने बीजगणितवाला असू शकतो आणि उलटंही. सिद्ध करायला तर्क लागतो आणि शोधायला इंट्यूशन लागतं, हे पण त्याचंच. पुढे रशियात क्रुतेत्स्की म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी शाळेतली मुलं गणित सोडवताना वर्षानुवर्षं बघितली, मोठ्याने बोलत सोडवायला लावलं, आणि १९६८ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. त्यांना तीन प्रकार दिसले, शब्द-तर्काने जाणारे, चित्राने जाणारे आणि दोन्ही जमणारे. हुशार मुलं तिन्हीत होती. ज्याला चित्र दिसत नाही तो गणितात मागे पडतो असं नाही, आणि ज्याला समीकरण आधी सुचत नाही तोही पडत नाही, हे त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्या पुण्यातलंच बघा. लॉ कॉलेज रोडच्या बाजूला भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, १९७६ साली श्रीराम अभ्यंकरांनी काढलं. बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या आकारांचा अभ्यास, हा त्यांचा विषय, जगात नाव, आणि त्या विषयात सगळे अमूर्ताकडे धावत असताना ते हायस्कूलच्या बीजगणितावर, बहुपदी हाताने सोडवण्यावर ठाम राहिले. भूमितीतला माणूस पण विश्वास सगळा बहुपदींवर. आणि दुसऱ्या टोकाला मरियम मिर्झाखानी, २०१४ साली फील्ड्स मेडल हा गणितातला मोठा सन्मान मिळालेली, ती जमिनीवर मोठमोठे कागद पसरून त्यावर चित्रं काढत बसायची, तिच्या लहान मुलीला वाटायचं आई पेंटिंग करतेय. दोघंही गणितीच ना?

रामानुजनची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, पण ती चमत्कार म्हणून सांगतात आणि त्यातला खरा मुद्दा राहून जातो. १९१४ साली केंब्रिजला महालनोबिस त्यांच्या खोलीवर गेले, रामानुजन भाजी परतत होते. महालनोबिसांनी एका मासिकातलं कोडं वाचून दाखवलं. एका रस्त्यावर एका बाजूला १, २, ३ अशा नंबरची घरं आहेत, एका घराच्या अलीकडच्या सगळ्या नंबरांची बेरीज पलीकडच्या नंबरांच्या बेरजेइतकी आहे, घरं ५० च्या वर आणि ५०० च्या आत, तर तो घर नंबर कोणता? महालनोबिसांनी स्वतः ते आकडे टाकून टाकून काही मिनिटात काढलं होतं, २८८ घरं आणि नंबर २०४. रामानुजननी भाजी हलवता हलवता एक न संपणारा अपूर्णांक सांगितला, अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक असा, आणि त्यातून नुसतं हे एक उत्तर नाही तर अशी सगळीच उत्तरं एकामागून एक निघतात. कसं सुचलं विचारलं तर म्हणाले की गणित ऐकल्या ऐकल्या कळलं की हे अशाच अपूर्णांकाचं आहे, मग कोणता अपूर्णांक असा विचार केला आणि उत्तर आलं. म्हणजे आधी त्यांनी गणिताची जात ओळखली. तसे अपूर्णांक त्यांनी वर्षानुवर्षं पाटीवर घोटलेले होते म्हणून ती ओळख पटली. आणि महालनोबिसही काही साधा माणूस नव्हे, पुढे देशाची संख्याशास्त्र संस्था त्यांनी उभी केली, त्यांचं डोकं दुसऱ्या वाटेने गेलं एवढंच.

इथेच मला वाटतं आपण पालक आणि शिक्षक चुकतो, इंट्यूशन म्हणजे देवाची देणगी, कोणाला आहे कोणाला नाही असं धरून बसतो. हर्बर्ट सायमनसारख्या संशोधकाने बुद्धिबळपटूंचा अभ्यास करून साफ सांगितलंय की इंट्यूशन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, ओळख आहे, आधी खूप वेळा पाहिलेलं पटकन ओळखणं. आपल्याकडे जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, पाठ असायचे. मार्केट यार्डात भुसार मालाच्या दुकानात जुने व्यापारी बघा, साडेतीन किलोचे पावणेदोनशे रुपयांनी किती, तोंडातून आकडा बाहेर पडतो आणि कॅल्क्युलेटरवाल्या मुलाने एक शून्य जास्त दाबलं तर लगेच म्हणतात अरे बघ परत. त्यांना कोणी बीजगणित शिकवलं नव्हतं, पण कुठला आकडा असंभव आहे हे त्यांना कळतं. वर सांगितलेल्या नववीतल्या मुलीच्या आजोबांनी तिच्याकडून पाढे घेतलेत, पाव आणि पाऊण तिच्या जिभेवर आहेत, म्हणून तिला तो पावणेचार दिसला, नाहीतर शून्य पॉइंट पंचवीस आणि शून्य पॉइंट पंचाहत्तर लिहून ती तिथेच अडकली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणजे जे वारंवार बघितलं त्यातून इंट्यूशन घडतं, आणि जे वारंवार चुकीचं किंवा एकाच बाजूने बघितलं त्यातूनही घडतं! पुस्तकात आणि फळ्यावर त्रिकोणाचा पाया कायम आडवा आणि उंची कायम उभी असते. मी तोच त्रिकोण तिरका काढला आणि दुसरी बाजू पाया धरून उंची काढ म्हटलं तर निम्मी मुलं वही फिरवून बघतात, आणि काही जण तरीही खाली सरळ उभी रेघच ओढतात. तसंच गुणाकाराने वाढतं आणि भागाकाराने कमी होतं हे. दुसरी तिसरीत पूर्ण संख्यांमधे ते खरंच असतं त्यामुळे पक्कं बसतं, फिशबाइन नावाच्या संशोधकाने यावर आयुष्यभर काम केलं, की हे लहानपणीचे अंदाज मोठेपणी सूत्र पाठ झालं तरी आतून जात नाहीत. सहा भागिले अर्धा, उत्तर तीन लिहिणारे दहावीतले मला दरवर्षी भेटतात. त्यांना नियम येतो, उलटा करून गुणायचं हे तोंडपाठ आहे, पण घाईत आतला आवाज जिंकतो. त्यांना नियम परत सांगून उपयोग नाही, सहा भाकऱ्यांचे अर्धे अर्धे तुकडे किती हे डोळ्यासमोर आणावं लागतं.

प्रत्येक प्रकारच्या डोक्याला फसायची जागा पण वेगळी असते. बॅट आणि बॉल मिळून ११०० रुपये, बॅट बॉलपेक्षा १००० ने महाग, बॉल केवढ्याला? आतून १०० येतात. बरोबर उत्तर ५०. डॉलर आणि सेंटमधलं हे गणित २००५ साली शेन फ्रेडरिक यांनी आपल्या चाचणीत वापरलं, आणि तिकडच्या नावाजलेल्या विद्यापीठातल्या मुलांनी पण ते चुकवलं. इथे आकडे पटकन वजा करणारा फसतो, पण क्ष मांडणारा सहसा वाचतो. लक्ष्मी रोडला सेल लागतो, ५० टक्के अधिक २० टक्के सूट, लोक ७० टक्के समजून आत शिरतात, असते ६० टक्के, हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे. इथे आकडा टाकून बघणारी पोरं कधी फसत नाहीत. पुणे लोणावळा साठ किलोमीटर धरा, जाताना साठच्या वेगाने आणि येताना ट्रॅफिकमुळे तीसच्या वेगाने, तर सरासरी वेग? पंचेचाळीस सगळ्यांच्याच तोंडात येतं, पण जो मनातल्या मनात प्रवास करतो तो म्हणतो थांबा, येताना दोन तास लागले, एकूण तीन तासात १२० किलोमीटर, म्हणजे चाळीस. उलट चित्रवाल्यांना फसवायचं असेल तर पृथ्वीची दोरी. विषुववृत्तावर घट्ट दोरी बांधली, सुमारे चाळीस हजार किलोमीटर, त्यात एक मीटर वाढवली आणि सगळीकडून सारखी उचलली, तर खालून मुंगी जाईल का? चित्र बघणारे ठामपणे नाही म्हणतात कारण चित्रात पृथ्वी प्रचंड दिसते. समीकरण एका ओळीत सांगतं, जवळजवळ १६ सेंटिमीटर फट, आणि लिंबाला दोरी बांधली असती तरी तेवढीच. क्षवाल्यांना उत्तर मिळतं पण नवल वाटत नाही, चित्रवाल्यांना नवल वाटतं आणि ते घरी जाऊन बाबांशी भांडतात. दोघांनाही ते दुसऱ्याकडून घ्यायला हवं.

आणि सगळ्यात वाईट फसणं म्हणजे कुठलंच डोकं न चालवता आकडे दिसले की क्रिया करून टाकणं. फ्रान्समधे मुलांना विचारलं होतं की बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत तर कप्तानाचं वय किती, बहुतेकांनी ३६ सांगितलं. आपल्याकडे वेगळं काही होईल असं मला वाटत नाही.

आता एक इशारा, कारण हे पत्र वाचून कोणी उद्याच मुलाला चाचणीला घेऊन जाईल. तुमचं मूल व्हिज्युअल (बघून शिकणारं) आहे का ऑडिटरी (ऐकून शिकणारं) हे सांगतो म्हणणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत, बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा रिपोर्ट देणारे पण आहेत, हजारो रुपये घेतात, रंगीत फाइल देतात. ठशांवरून विचाराची पद्धत कळते याला काहीही शास्त्रीय आधार नाही. आणि मुलाच्या लर्निंग स्टाइलप्रमाणे शिकवलं की त्याला जास्त येतं या कल्पनेचीही २००८ साली पॅशलर वगैरे चार मानसशास्त्रज्ञांनी नीट तपासणी केली, तेव्हा तिला धड पुरावा सापडला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने असा रिपोर्ट आणून दाखवला, त्यात लिहिलं होतं की हिला गणितात जाऊ देऊ नका, कलेकडे वळवा. तेरा वर्षांची मुलगी ती! ती फाइल मी परत दिली आणि त्या ताईंना सांगितलं की घरात ठेवू नका, मुलगी वाचेल. मी वर जे सांगतेय ते याच्या बरोबर उलट आहे. पोराचं डोकं आधी कुठल्या वाटेने जातं ते बघा, तिथून हात धरा, आणि मग दुसरी वाट पण दाखवा. एकदा शिक्का मारला की दुसरी वाट बंद. मुलींना भूमिती जमत नाही, हा मुलगा कॉमर्सचा आहे, हे पण शिक्केच, फक्त फुकटात मिळतात.

माझं म्हणणं ऐकून काही शिक्षक म्हणतात की मॅडम, स्टेप्स नको का मग, अंदाजाने गणित होतं का. स्टेप्स पाहिजेतच. रामानुजनना पण केंब्रिजचे गणिती हार्डी भेटले, आणि हार्डींनी सिद्धतेचा आग्रह धरला तो योग्यच होता, कारण रामानुजनचे काही अंदाज, विशेषतः मूळ संख्यांबद्दलचे, चुकीचे निघाले होते. अंदाज तपासायचा कसा हे स्टेप्समुळेच कळतं. पण तपासायला आधी अंदाज तर हवा ना. कानेमान आणि क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांचे इंट्यूशनबद्दल विचार अगदी विरुद्ध, तरी २००९ साली दोघांनी मिळून लिहिलं की अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा, जिथे गोष्टी नियमाने घडतात आणि आपलं बरोबर की चूक हे लगेच कळतं तिथे. गणिताइतकं नियमाने चालणारं दुसरं काय आहे? फक्त लगेच कळण्याची सोय आपण ठेवलेली नाही, पेपर तपासून तीन आठवड्यांनी येतो आणि त्यावर नुसत्या लाल फुल्या.

आणि वर्गात साठ पोरं असतात, तास पस्तीस मिनिटांचा, हे मला कळतं, प्रत्येकाच्या डोक्यात काय चाललंय ते बाईंनी कुठून बघायचं. पण एक गोष्ट साठ पोरांतही जमते. गणित फळ्यावर लिहिलं की अर्धा मिनिट कोणी लिहायचं नाही, वहीच्या मार्जिनमधे पेन्सिलीने एक अंदाज लिहायचा, चुकला तर मार्क जात नाहीत. गणित झाल्यावर त्या अंदाजाकडे परत बघायचं आणि फार लांब असेल तर का लांब गेला ते शेजाऱ्याला सांगायचं. आठवड्यातून एक गणित दोन रीतींनी करायचं, दुसरी रीत मुलांनीच सांगायची. एवढंच. पालकांनीही घरी "किती मार्क पडले" च्या आधी "कसं सुचलं तुला" हे विचारायला काहीच हरकत नाही, मूल सुरुवातीला गप्प बसतं कारण हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं, पण थोड्या दिवसांनी बोलायला लागतं.

परीक्षेचे पेपर काढणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. दहावीचे गणिताचे दोन पेपर, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, चाळीस चाळीस मार्कांचे. मुलांच्या डोक्यातही मग ते दोन वेगळे विषय होऊन बसतात, बीजगणितात चित्र काढायचं नाही आणि भूमितीत आकडा टाकून बघायचं नाही असं. दोन्हीत निदान एक एक मार्काचा असा प्रश्न असावा की आकडेमोड न करता उत्तर कशाच्या आसपास असेल आणि का. आणि एक असा की दुसऱ्या एका रीतीने तपासून दाखवा. शिष्यवृत्ती परीक्षेत, सीईटीत, जेईईत पर्याय असतात, तिथे पोरं अंदाजावर चालतात, पण "का" विचारायची सोय नसल्याने क्लासवाले फक्त पर्याय उडवायच्या युक्त्या शिकवतात, त्यातून अंदाज नाही घडत, नशीब अजमावायची सवय घडते.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर शब्दकोडं आणि सुडोकू असतं. तिथेच एक छोटा चौकोन गणिताला द्या. त्यात एक गणित, खाली प्रश्न दोन, तुमचा पहिला अंदाज काय होता, आणि तुम्ही कसं सोडवलं. उत्तराला बक्षीस ठेवू नका. पुढच्या रविवारी मुलांनी पाठवलेल्या दोन किंवा तीन वेगळ्या रीती छापा, चुकलेला पण विचार केलेला एक अंदाजही छापा, शाळेचं नाव, मार्क, इयत्तेतला नंबर काही नको. सुरुवातीच्या काही आठवड्यांची गणितं मी लिहून द्यायला तयार आहे, प्रत्येकासोबत मला माहीत असलेल्या रीती पण देईन, मानधन नको. पहिलं कमळाचंच घ्यावं असं सुचवते, पण या पत्रात उत्तर फुटलंय, तर हातांचे आकडे बदलून पाण्याच्या वर एक हात आणि बाजूला तीन हात असं द्या, म्हणजे उत्तर चार येईल आणि लहान वर्गातली मुलंही आकडे टाकून काढू शकतील.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
एक गणित शिक्षिका
कर्वेनगर, पुणे